सुशीलेचा श्वास

शिवणाच्या क्लासात हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. त्यामुळे तिथे किस्से फार होतात. काज करता करता एक सांगायला लागली की दुसरीला दुसरा आठवतो. संध्याकाळी केर काढताना चिंध्या कमी आणि गोष्टीच जास्त निघतात, असं आम्ही म्हणायचो. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मुलुंडला कुसुमताईंच्या पुढच्या खोलीत आमचा क्लास भरायचा. मी शेजारच्याच ब्लॉकात राहायची आणि नव्या बायकांना काजं-बटणं शिकवायची. त्या खोलीतल्या बायका आज कुठे भेटल्या की फक्त एकीचंच नाव निघतं. ती कधी शिवायला बसली नाही, पण क्लासची सगळ्यांत जुनी मेंबर तीच!

ती म्हणजे सुशीला. कुसुमताईंच्या घरात पाळलेली अजगराची मादी.

*

कुसुमताईंचे यजमान भास्करराव पवईच्या डोंगरात एका दगडखाणीवर कारकून होते. खाणीवर खोदताना एक हातभर पिल्लू निघालं, मजूर ते मारायला निघाले, तर भास्कररावांनी ते जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. कुसुमताई डबा घासायला गेल्या आणि झाकण उघडलं.

आम्ही विचारलं, "मग? ओरडलात?"

"ओरडायला वेळ कुठे मिळाला? हे मागून म्हणाले, हळू उघड, घाबरेल ती!"

तेव्हापासून ती दुभत्याच्या कपाटात राहायला लागली. दूधदुभत्यासाठी असतं तसलं जाळीच्या दाराचं कपाट. नाव सुशीला ठेवलं, कारण कधी कुणाला तोंड लावलं नाही की फुसकारली नाही. वाण्याच्या गोदामातले उंदीर भास्करराव आठवड्याला आणून द्यायचे. ती ते खायची आणि मग कितीतरी दिवस वेटोळं घालून स्वस्थ पडायची. आमच्या नलूला तिचा हेवा वाटायचा. नलू क्लासातली सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत तोंडाळ. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं.

"बघा, एकदा जेवली की आठवडाभर चूल नाही, भांडी नाहीत, सासू नाही! पुढच्या जन्मी मला हेच पाहिजे!"

*

मग भास्कररावांना छातीचं दुखणं निघालं.

त्या काळात या दुखण्याचं नावही कुणी घेत नसे. शेजारी उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करायचे. भास्कररावांना घाटावरच्या एका क्षयाच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं. निघताना ट्रंक टांग्यात गेली तरी ते कपाटापाशी उभे होते. जाळीतून बोट आत घालून सुशीलेच्या डोक्यावरून फिरवलं आणि कुसुमताईंना म्हणाले, "मी येईपर्यंत हिला सांभाळ."

बायकोला 'स्वतःला सांभाळ' म्हणायची पद्धत नव्हती. सापाला सांभाळ म्हणता येत होतं.

डॉक्टरांनी घरच्यांना बजावून ठेवलं होतं, घर स्वच्छ ठेवा, हवा खेळती ठेवा. कुसुमताईंनी ते अक्षरशः पाळलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. रोज सकाळी फरशी, दारं, कपाटं फिनेलच्या पाण्याने पुसून काढायच्या. दुभत्याचं कपाटही आतून-बाहेरून. थंडीचे दिवस होते, मागे मोकळं माळरान. सकाळी शिवायला बसलं की आमच्या बोटांतून सुई निसटायची.

त्यांच्या एका दिरांना हे घर सुधारायचंच होतं. ते एकदा येऊन म्हणाले, "वहिनी, घरात साप पाळल्यावर दुसरं काय होणार? त्याला डोंगरात नेऊन सोडा आधी."

कुसुमताईंनी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, "भावजी, एकाला घराबाहेर पाठवलंय. दुसरीला नाही पाठवणार."

भावजी चहा न घेताच गेले. पण त्या दिवसापासून आम्हाला सगळ्यांना कळलं, की हे नुसतं जनावर राहिलेलं नाही. भास्करराव येतील तेव्हा सुशीला कपाटात असली पाहिजे. बस्स.

*

एक दिवस क्लासात बारीक शीळ ऐकू यायला लागली. कुईं... कुईं... थांबून थांबून.

नलू म्हणाली, "मधली मशीन कोरडी पडलीय!" तिने तेलाची कुपी घेतली आणि मधल्या मशीनला तेल घातलं. आवाज चालूच. मग दुसऱ्या मशीनला घातलं. मग पायट्याला, चाकाला, पट्ट्याला. एका गिऱ्हाइकाच्या नव्या पोलक्यावर तेलाचा डाग पडला, तरी कुईं थांबेना.

"कंपनीचा मालच खराब," नलू म्हणाली. "वाट लागली मशीनची!"

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली, सगळ्यांनी पाय थांबवले, मशिनी बंद झाल्या.

कुईं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कुसुमताई उठल्या आणि कपाटापाशी गेल्या. सुशीला वेटोळं सोडून भिंतीला टेकून होती, डोकं वर धरून, जसं दम लागलेलं माणूस उशी उंच करून बसतं तसं. प्रत्येक श्वासाला तिच्या नाकातून शीळ निघत होती.

नलूच्या हातात अजून तेलाची कुपी होती. तिने ती हळूच मागे लपवली.

*

आमच्यात सावंतकाकू होत्या. मालवणकडच्या, यजमान गिरणीत. वाडीतल्या कितीतरी बाळंतिणींची न्हाणीधुणी त्यांच्या हातून झाली होती. त्यांनी सुशीलेकडे नीट बघितलं आणि निकाल दिला.

"थंडी भरली हिच्या छातीत. हिका शेक व्हयो. बाळंतिणीक देतत तसो."

आम्हाला सगळ्यांना ते पटलं. पटणारच! नलू सोडली तर आमच्यातल्या प्रत्येकीने बाजेखाली शेगडी घेऊन दिवस काढले होते. छातीत थंडी म्हणजे ओव्याची धुरी, यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं. कुणी ओवा आणला, कुणी बाळंतशेपा, कुणी लसणीची सालं. शेगडीत निखारे फुलवले, वर मूठ मूठ टाकली आणि शेगडी कपाटाखाली सरकवली. काकू तर म्हणाल्या, वर चादर टाका, धूर बाहेर जायला नको. टाकली!

घरभर बाळंतघराचा वास सुटला. काकूंनी समाधानाने विचारलं, "आता कसा वाटता तिका?"

आतून धप्प आवाज झाला. कुसुमताईंनी चादर ओढून काढली. सुशीलेचं तोंड उघडं पडलं होतं. साप तोंड उघडून श्वास घेतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कडांना फेस होता आणि चिकट लाळेचा धागा लोंबत होता. कुसुमताईंनी तिला तशीच उचलली, पोटाशी धरली, ओसरीवर नेली आणि पदराने वारा घालत राहिल्या. ती किती जड होती, त्यांना त्या वेळी कळलंसुद्धा नाही.

सावंतकाकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. नलू म्हणाली, "काकू, धुराने हो?"

"नाय गो," काकू म्हणाल्या. "धुरान नाय."

*

डॉक्टर कुठून आणायचा? माणसांचा येईना. भांडुपच्या बाजूला म्हशींचे तबेले होते, तिथे एक गुरांचे डॉक्टर यायचे. मी आणि नलू जाऊन त्यांना घेऊन आलो. पेशंट कोण आहे ते वाटेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आलेच नसते. कपाटापाशी येऊन ते बराच वेळ उभे राहिले.

"बाई, माझ्याकडे साप चावलेल्या म्हशी येतात. साप कधी आला नाही!"

पण माणूस भला होता. गेले नाहीत. उलथन्याच्या दांड्याने हळूच तोंड उघडून आत बघितलं, कपाटात हात घालून तळाची फळी चाचपली, वाकून वास घेतला.

"हे ओलं का? आणि हा फिनेलचा वास?"

कुसुमताईंनी सांगितलं. घरात आजार आहे, स्वच्छ ठेवा म्हणाले होते, हवा खेळती ठेवा म्हणाले होते.

"ते माणसासाठी. याला अंगची ऊब नसते. बाहेर असेल तेवढीच आत. गार वारा, ओल आणि वर हे फिनेल. याच्या फुप्फुसाला सूज आलीय." मग शेगडीकडे बघून म्हणाले, "धूर तर चुकूनही नको. याचं असं आहे, की याला खोकता येत नाही."

"म्हणजे?" कुसुमताईंनी विचारलं.

"खोकता येत नाही. छातीत साठलेलं बाहेर टाकायची सोयच नाही. आपण खोकून मोकळे होतो."

भास्कररावांच्या खोकल्याने कुसुमताईंनी कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. त्या आवाजाचा त्यांना धसका बसला होता, हे आम्हाला माहीत होतं. त्या कपाटाच्या जाळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खोकतासुद्धा येत नाही," त्या म्हणाल्या. "अगं बाई गं."

*

पेनिसिलिन तेव्हा नवलाईचं औषध होतं. डॉक्टर म्हणाले, गुण येईल की नाही सांगता येत नाही, पण देऊन बघू. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा कंपाउंडर सुई उकळून घेऊन यायचा. अगदी सरळ माणूस, सापाला भ्यायचा, पण डॉक्टरांना जास्त भ्यायचा. पहिल्या दिवशी आला आणि सुई वर धरून उभाच राहिला.

"डॉक्टरांनी शिकवलंय, सुई दंडात नाहीतर कमरेत द्यायची."

आम्ही सगळ्या सुशीलेकडे बघायला लागलो.

"दंड तर नाही," कुसुमताई म्हणाल्या.

"मग कंबर कुठे?"

नलूच्या गळ्यात टेप होता. आदल्याच दिवशी सुशीलेला ऊब राहावी म्हणून लोडाच्या अभ्र्यासारखी एक लांब पिशवी शिवायची ठरली होती, आणि माप तिने घेतलं होतं. ती म्हणाली, "दादा, छाती, कंबर, सीट सगळं एकच माप भरलं. कुठेही द्या!"

खूप दिवसांनी कुसुमताई हसल्या. डोक्याकडून हात-दीड हात सोडून त्यांनीच जागा दाखवली, तिथे सुई गेली. सुशीलेने मान वळवून कंपाउंडरकडे फक्त बघितलं. सावंतकाकू म्हणाल्या, "माणसापेक्षा बरी. बोंब तरी मारूक नाय!"

*

उबेचा प्रश्न आम्ही आमच्याच पद्धतीने सोडवला. खिडक्या लावल्या. कपाट उन्हात वाळवून कोरडं केलं. जुन्या लुगड्यांचे तुकडे घडी करून त्यांवर गरम इस्त्री फिरवायची आणि ऊनऊन घड्या कपाटात सुशीलेच्या अंगाशी ठेवायच्या. आधी आपल्या गालाला लावून बघायची, जास्त गरम नाही ना. क्लासात पाळ्या लागल्या. ब्लाउज शिकायला आलेली बाई आधी इस्त्री शिकायची!

शिवाय डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडा वेळ तिचं डोकं खाली आणि शेपूट वर धरा, छातीतलं आपोआप उतरेल. सांगणं सोपं होतं. सुशीला आमच्यातल्या कुणाहीपेक्षा लांब होती. मग कुसुमताई डोक्याशी खाली बसायच्या, हातात मऊ फडकं. मधल्या भागाला आम्ही खांदे द्यायचो. शेपटीला स्टुलावर उभी नलू.

अशाच एकदा आम्ही तिला धरून उभ्या असताना दार ढकलून एक बाई आत आल्या. अंगावर भरजरी काही नव्हतं, पण चांगल्या घरच्या. मुलीला क्लासात घालायचं असावं. त्यांनी समोर बघितलं. त्यांच्या तोंडून जेमतेम शब्द निघाले.

"इथे... शिवण शिकवतात ना?"

सावंतकाकूंच्या खांद्याला रग लागली होती. त्या वळल्यासुद्धा नाहीत.

"होय तर! येवा, बसा. त्याआधी ही शेपटी जरा धरा!"

त्या बाई परत आल्या नाहीत. पण त्यांची मुलगी आली, आपण होऊन, आणि पुढे चांगली शिवायला लागली.

*

कुसुमताई महिन्यातून एकदा भास्कररावांना भेटायला जायच्या. एकदा सोबत म्हणून मी गेले. लांबलचक व्हरांड्यात एका रांगेत खाटा, समोर उघडा डोंगर, आणि बोचरं वारं. गळ्यापर्यंत घोंगडी घेऊन माणसं पडलेली. भास्करराव इतके वाळले होते, की मी आधी पुढच्याच खाटेकडे वळले.

त्यांना काळजी लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून वाटेत आम्ही ठरवलं होतं, की सगळं छान म्हणायचं.

बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "सुशीला कशी आहे?"

"छान आहे," कुसुमताई म्हणाल्या. "डोळे जरा निळसर झालेत. कात टाकेल एवढ्यात."

मला वाटलं आपणही भर घालावी. "खाते पण छान हो! कालच मोठा उंदीर खाल्ला."

भास्करराव डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डोळे निळे झाले की ती खात नाही, वहिनी."

मग ते कुसुमताईंकडे वळले.

"काय झालंय तिला?"

कुसुमताईंनी सांगितलं. शीळ, धुरी, म्हशींचे डॉक्टर, इंजेक्शनं, सगळं. सांगताना खाली बघून पदराचं टोक पिळत होत्या. कात टाकायच्या बेतात आहे एवढं मात्र खरं आहे, म्हणाल्या. मला वाटलं, आता यांना खोकल्याची उबळ येणार आणि सिस्टर आम्हाला हाकलणार.

भास्कररावांनी अंगावरची घोंगडी काढली, घडी केली आणि कुसुमताईंच्या मांडीवर ठेवली.

"ही घेऊन जा. मला इथे दुसरी देतील. तिच्या कपाटाला तीन बाजूंनी लाव. इतकी हवा मला सांगितलीय. तिला नको."

"आणि तुम्ही?"

"दुसरी येईपर्यंत बसतो की. मला खोकता येतं."

परतीच्या वाटेवर कुसुमताईंनी ती घोंगडी एकदाही खाली ठेवली नाही. दवाखान्यातली म्हणून घरी आल्यावर ती आधी उकळत्या पाण्यात घातली, कडक उन्हात वाळवली आणि मगच कपाटाला लावली.

*

सुशीलेने कात टाकली ती अख्खी, एकसंध, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. नाकाशी शीळ नव्हती. पुढे काही दिवसांनी तिने उंदीरही खाल्ला. वाण्याला कुसुमताईंनी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "अभिनंदन वहिनी!" असं अभिनंदन त्याने कुणाच्या बारशालाही केलं नसेल.

उन्हाळा सरत आला तेव्हा भास्करराव घरी आले.

आम्ही क्लास बंद ठेवणार होतो, पण कुसुमताईच म्हणाल्या, नको, चालू दे, रोजच्यासारखं वाटू दे त्यांना. म्हणून आम्ही सगळ्या मशिनींवर बसून होतो. कुणी टीप मारत नव्हतं. टांगा थांबला. सावंतकाकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. भास्करराव आत आले, आम्हाला नमस्कार केला आणि सरळ कपाटापाशी जाऊन खाली बसले.

दार उघडलं. सुशीला सावकाश बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवरून पलीकडे गेली. त्यांनी तिला मधे थांबवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या अंगाला कान लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत होते.

"तिथे आम्ही सगळे एकमेकांची छाती ऐकायचो," ते आमच्याकडे बघून म्हणाले. "डॉक्टर यायच्या आधीच आम्हाला कळायचं." मग पुन्हा कान लावला. "स्वच्छ आहे."

कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या. इतक्या महिन्यांत आम्ही त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आणि आताही त्या नुसत्या बघत होत्या.

भास्करराव म्हणाले, "इकडे ये. बस."

त्या काळी चारचौघांत नवऱ्याने बायकोकडे नीट बघायचीसुद्धा रीत नव्हती. कुसुमताईंना वाटलं, सुशीलेला धरायला बोलावतायत. तांब्या ठेवून त्या शेजारी बसल्या आणि हात पुढे केले. भास्कररावांनी सुशीलेला मांडीवरून खाली सोडलं. मग कुसुमताईंना खांद्याला धरून हलकेच पाठमोरं केलं आणि त्यांच्या पाठीला कान लावला.

"अहो, हे काय! सगळ्या बघतायत!"

"बघू देत. मोठा श्वास घे."

नलूचा हात मशीनच्या चाकावर होता तिथेच राहिला. सावंतकाकूंनी तोंडाला पदर लावला. कुसुमताईंनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. आम्हाला सगळ्यांना तो दिसला, त्यांचे खांदे हळूहळू वर आले. आणि वरच राहिले.

"धरून नको ठेवूस," भास्करराव म्हणाले. "सोड आता."